शेऱ्याचा रकाना

यंदा लूचे भाजणारे वारे लवकर सुटले. चैत्र सरायच्या आतच अकरा वाजले की झाशीतल्या आमच्या प्रेम नगरच्या गल्ल्या ओस पडतात. कुत्री नालीच्या कडेला पोट टेकून पडतात, भाजीवाला ठेल्यावर ओलं पोतं टाकून कुणाच्या तरी सावलीत जाऊन बसतो, आणि दारं-खिडक्या कितीही लावून घेतल्या तरी कुठल्या ना कुठल्या फटीतून भाजलेल्या धुळीचा वास घरात येतोच. सून म्हणते, "मम्मीजी, कूलर लावून घ्या ना, अशा काय बसता?" मी लावते. पण तो वास आला की थोडा वेळ तशीच बसून राहते.

तापलेल्या धुळीचा आणि तापलेल्या रेडिओचा वास माझ्या लेखी एकच आहे. आमचा रेडिओ जुना होता, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलायचा नाही. आधी जाळीमागे नारिंगी उजेड पडायचा, मग व्हॉल्व्हवर बसलेली दिवसभराची धूळ तापून तिचा वास सुटायचा, आणि मग कुठून तरी खोल विहिरीतून वर यावा तसा आवाज यायचा. ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात मी अठरा वर्षांची होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. आणि रोज संध्याकाळी पावणेसातला त्या रेडिओतून जो आवाज यायचा, तो माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा होता.

परदेशातल्या एका सरकारी रेडिओचं ते केंद्र. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाचा देशही आता उरलेला नाही. तिथल्या सरकारला आपली गोष्ट जगातल्या लोकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगायची होती. म्हणून राजधानीतल्या एका मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यावर अरबी, बंगाली, स्वाहिली, तमिळ, हिंदी बोलणारी माणसं आणून बसवली होती. मराठीला रोज अर्धा तास होता. आधी बातम्या, मग तिथल्या शेतांची, कारखान्यांची, बालवाड्यांची माहिती, थोडं संगीत, आणि रविवारी श्रोत्यांची पत्रं.

कुंदाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एम.ए.ला पहिली आली, त्या देशाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि दोन वर्षांत भाषा शिकून परत येते म्हणून गेली. आमचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दप्तराच्या कामाला म्हणून दक्षिणेतून इकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, भाजीवाल्याशी बुंदेली, आणि मराठी फक्त देवापुढे, जेवताना आणि भांडताना. तेवढ्या मराठीवर ताईला त्या रेडिओत नोकरी मिळाली. तिचे तिथले साहेब पुण्याचे होते. तिच्या बोलण्याला हिंदीचा वास येतो म्हणून त्यांनी सहा महिने तिला माईकपुढे बसूच दिलं नाही, असं तिनं पहिल्या पत्रांत हसत हसत लिहिलं होतं. नंतर बसू दिलं. आम्ही पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तेव्हा आई म्हणाली, "ही आपलीच ना? मग अशी पुस्तकासारखी काय बोलते?"

दोन वर्षं संपली आणि ताईचं पत्र आलं की ती परत येणार नाही. तिथल्याच रेडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका माणसाशी तिनं लग्न केलं होतं. इकडे ग्वाल्हेरच्या एका घरी तिच्यासाठी शब्द दिलेला होता.

आमचे वडील, अण्णा, रेल्वेच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क होते. ते ओरडले नाहीत, काही फेकलं नाही. त्यानंतर आलेलं तिचं पाकीट त्यांनी उघडलं नाही. त्यावर आपल्या वळणदार अक्षरात "स्वीकारले नाही" असं लिहून पोस्टमनच्या हातात परत दिलं. पुढचंही तसंच. मग पाकिटं यायची थांबली. तिचं नाव घरात निघेनासं झालं. लग्नानंतरचा तिचा पत्ताही आमच्याकडे राहिला नाही.

पण रेडिओ बंद झाला नाही. रोज साडेसहाला अण्णा ऑफिसातून यायचे, हातपाय धुवायचे आणि रेडिओसमोर खुर्ची ओढून बसायचे. "बातम्या ऐकतो जरा," एवढंच म्हणायचे. खिडकीतून कडुलिंबापर्यंत तांब्याची तार त्यांनीच ताणली होती. सुई केसाएवढी इकडून तिकडे सरकवत ते स्टेशन शोधायचे. ते काम त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. मग ताईचा आवाज यायचा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर परात घेऊन बसायची. मी पुस्तक उघडून बसायचे. तिघांपैकी कुणीही कुणाकडे बघायचं नाही.

कार्यक्रम संपला की आई विचारायची, "आज स्टेशन कसं लागलं होतं?"

"ठीक. जरा खरखर होती."

"दमल्यासारखं वाटलं का?"

"स्टेशन दमत नसतं," अण्णा म्हणायचे.

आणि मग टेबलाशी बसून ते रिपोर्ट भरायचे. त्या रेडिओकडून श्रोत्यांना छापील फॉर्म यायचे. तारीख, वेळ, कुठल्या मीटरच्या लहरीवर ऐकलं, आवाज किती जोराचा, किती स्पष्ट, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ किती, हे सगळं एक ते पाच आकड्यांत भरायचं. शेवटी शेऱ्याचा एक लांबट रकाना. आकडे अण्णा इंग्रजीत भरत आणि शेरा मराठीत लिहीत. आठवड्याचा एक फॉर्म, दर सोमवारी पोस्टात. मी एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचलं. शेऱ्यात लिहिलं होतं, "निवेदिकेचा आवाज दमलेला वाटला. तिथे थंडी फार असावी. घशाची काळजी घेणे."

मी बघते आहे हे लक्षात येताच त्यांनी फॉर्मवर हात ठेवला. "हे पत्र नव्हे," ते म्हणाले. "रिपोर्ट आहे."

महिन्या-दीड महिन्यानं तिकडून एक कार्ड यायचं. पुढच्या बाजूला एखादा पूल नाहीतर कारंजं, आणि मागे कितीतरी भाषांत छापलेलं एकच वाक्य. त्यात एक ओळ मराठीची: "आपला अहवाल मिळाला. आभारी आहोत." अण्णा ते कार्ड आधी स्वतः वाचायचे आणि मग काही न बोलता आईच्या पुढ्यात ठेवायचे. आई ती एक ओळ वाचायला बराच वेळ घ्यायची.

अशी तीन वर्षं गेली होती, आणि मग तो उन्हाळा आला.

होळीनंतर आईचे डोळे पिवळे दिसायला लागले. आधी कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं, मग इथल्या डॉक्टरांचं. मग अण्णा तिला ग्वाल्हेरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांना बाहेर नेऊन सांगितलं की यकृतात गाठ आहे, उशीर झाला आहे, घरी न्या आणि त्यांना काय हवं नको ते बघा. परतताना आई गाडीत खिडकीशी बसली होती. दतिया स्टेशन गेल्यावर म्हणाली, "डॉक्टरनं तुम्हाला बाहेर नेलं तेव्हाच मला समजलं. आता चेहरा नीट करा. पोरीसमोर असे जाऊ नका." हे मला अण्णांनी फार वर्षांनी सांगितलं.

रेडिओच्या खोलीला खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लावलेली होती, म्हणून आईची खाट तिथेच टाकली. मी दर तासाला टट्टीवर पाणी मारायचे. बाहेर लू घोंघावायची आणि आत खसाचा गार, मातकट वास. बेलाचं सरबत, कैरीचं पन्हं, फालसे, जे जे म्हणून थंड ते आई एक घोट घ्यायची आणि पुरे म्हणायची. शेजारच्या तिवारिन चाची रोज दुपारी डोक्यावर ओला पंचा घेऊन यायच्या, आईचे पाय चेपायच्या आणि जाताना मला दारात ताईबद्दल विचारायच्या, "काय बिन्नू, तुमाई जिज्जी कबै आ रईं?" मी म्हणायचे, "आएंगी, चाची."

वैशाखातल्या एका संध्याकाळी कार्यक्रम संपला, अण्णांनी रेडिओ बंद केला, आणि आई म्हणाली, "कुंदेला बोलवा."

तीन वर्षांनी ते नाव घरात निघालं होतं. अण्णा बटणावरचा हात न काढता उभे राहिले. आई पुन्हा म्हणाली, "तुमचा राग तुमच्यापाशी असू द्या, मी काही म्हणत नाही. पण तिला बोलवा."

मी त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडून ताईला पत्र लिहायला बसले. अण्णा आले. म्हणाले, "कुणाच्या पत्त्यावर धाडणार?"

"रेडिओच्या."

"हजारो पत्रं येतात तिथे. तुझं कधी उघडतील, कुणाला देतील, काही भरवसा नाही. माझा रिपोर्ट दर आठवड्याला तिच्या टेबलावर जातो. त्यांची पोच येते. मी कळवतो."

त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि माझा त्यांच्यावर. मी ते पान चुरगळून टाकलं. ती चूक माझी. आजही तापलेल्या धुळीचा वास आला की आधी ते पान आठवतं.

अण्णांनी रिपोर्ट भरला. आवाज चार, स्पष्टता तीन. शेऱ्यात लिहिलं, "घरात आजारपण. ऐकणाऱ्यांपैकी एकजण अंथरुणावर आहे. भेटीची आस आहे." 'आस' हा शब्द लिहून खोडला होता आणि मग पुन्हा तोच लिहिला होता. तो फॉर्म पोस्टात टाकायला ते भर दुपारी गेले, सोमवारची वाट न बघता.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. इतक्या लवकर कधीच आलं नव्हतं. बहुतेक ते आधीच्या कुठल्या तरी रिपोर्टचं असावं, पण ते तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. आईनं उशीला टेकून ते हातात धरलं. "मिळाला म्हणते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग येईलच."

त्या दिवसापासून आमच्या घरातलं ऐकणं बदललं. आधी ताईचा आवाज लागला की आईचा चेहरा सैल व्हायचा. आता पावणेसात वाजत आले की ती खाटेच्या कडेला हात घट्ट धरायची. नारिंगी उजेड पडायचा, खरखर व्हायची, आणि मग ताई स्पष्ट, शुद्ध मराठीत नमस्कार करायची. आई डोळे मिटायची. "अजून निघाली नाही," म्हणायची.

रोज तेच. ताईचा आवाज येतो आहे म्हणजे ताई तिथेच आहे. जो आवाज ऐकायला आई तीन वर्षं उंबऱ्यावर बसली, तो आज येऊ नये अशी ती वाट बघायला लागली.

ज्येष्ठ लागला. धुळीच्या आँधीनं सगळं आकाश पिवळं झालेल्या एका संध्याकाळी कडुलिंबाची फांदी तारेवर आपटत होती आणि स्टेशन लागता लागत नव्हतं. शेवटी लागलं तेव्हा बातम्या अर्ध्या झाल्या होत्या, आणि त्या एक पुरुष वाचत होता. दुसऱ्या दिवशीही तोच. आईनं माझा हात ओढून मला खाली बसवलं. "निघाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात कित्येक आठवड्यांत नव्हता इतका जोर होता. "अगं, निघाली ती! वरच्या खोलीतली गादी उन्हात टाक. तिच्या नवऱ्यालाही आणेल कदाचित. त्याला आपलं तिखट चालायचं नाही."

मी गादी उन्हात टाकली. अण्णांनी दाढी केली, जिन्याच्या कठड्याला स्वतः चुना लावला. तिसऱ्या दिवशीही रेडिओवर पुरुषच होता. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी अण्णा मला घेऊन स्टेशनवर गेले. दिल्लीहून येणारी गाडी यायची, तापलेल्या डब्यांमधून माणसं उतरायची, सुराहीत पाणी भरून घ्यायची, पुन्हा चढायची. गाडी सुटली की फलाट रिकामा. अण्णा म्हणायचे, "दिल्लीत एखादा दिवस थांबावं लागत असेल. कागदपत्रं असतात."

चौथ्या दिवशी आम्ही स्टेशनवरून परतलो तेव्हा सात वाजायला आले होते. रेडिओ चालू होता. आईनं तिवारिन चाचींकडून बटण फिरवून घेतलं होतं. सुई कुणी हलवलेली नव्हती, म्हणून स्टेशन आपोआप लागलं होतं. आणि ताई बोलत होती. आवाज जरा भरल्यासारखा होता. सर्दीनं तीन-चार दिवस रजेवर असावी, दुसरं काही नाही.

चाची आम्हाला बघून हसल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. "देखो, जिज्जी बोल रईं," त्या म्हणाल्या.

आईनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. रेडिओ लावायला नको असंही म्हणाली नाही आणि लावा असंही नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी टट्टीवर पाणी मारून आत आले तर अण्णा तिच्या उशाशी जमिनीवर बसले होते. एरवी ते कधी जमिनीवर बसत नसत. त्यांनी मला हातानंच थांब म्हणून खूण केली, जणू काही मी आवाज केला तर ती जागी होईल.

बेतवेच्या काठी, ओरछ्याला, तिचं सगळं केलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी फॉर्म पुढ्यात घेतला. आकडे भरले. शेऱ्यात एक ओळ लिहिली: "ऐकणाऱ्यांपैकी एक कमी झाली."

मग आम्ही दोघं ऐकत राहिलो. अण्णा मनातल्या मनात पोस्टाचे दिवस धरत होते. आज दिल्ली, आज विमान, आज तिथे. त्यांना तिच्याकडून शब्दांची अपेक्षा नव्हती. रेडिओवर घरचं बोलता येत नाही एवढं त्यांना कळत होतं. पण आवाजात काहीतरी फरक पडेल, एखादा दिवस ती येणार नाही, एखाद्या वाक्याला अडेल, असं त्यांना वाटत होतं. तीन आठवडे झाले, चौथा लागला. आणि एका संध्याकाळी ताईनं तिथल्या उन्हाळ्याचं वर्णन केलं. मुलं टोपल्या घेऊन रानात फळं वेचायला जातात, त्यांची तोंडं आणि कपडे कसे लाल होतात, ते सांगताना ती हसली. तिचं खरं हसणं, घरातलं.

अण्णांनी रेडिओ बंद केला. "कळूनसुद्धा," एवढंच म्हणाले. आईच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा आणून त्यांनी रेडिओवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला ते किल्ल्याच्या बाजूला फिरायला जायला लागले.

मी ऐकत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. रागानं ऐकत होते असंही म्हणता येईल. ते बाहेर पडले की मी लुगडं बाजूला करायचे, आणि ते परतायच्या आत पुन्हा टाकायचे. आषाढातला रविवार होता. श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम. ताईनं नागपूरच्या एका श्रोत्याचं पत्र वाचलं, मग सोलापूरच्या. मग कागदाची सळसळ झाली.

"झाशीचे आमचे एक श्रोते..." ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली तेव्हा ते पुस्तकातलं मराठी नव्हतं. "अण्णा, तुमचे सगळे रिपोर्ट मला काल मिळाले. सगळे एकदम. आधी एक पण नाही मिळाला. एक पण नाही, अण्णा."

मग काहीच नाही. खरखरही नाही, नुसती शांतता. सरकारी रेडिओवर अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती किती वेळ होती कोण जाणे. मग एकदम बँडचं संगीत लागलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत तेच वाजत राहिलं.

अण्णा परतले तेव्हा मी रेडिओ झाकला नव्हता. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "शब्द सांग. जसेच्या तसे." मी सांगितले. "परत सांग." मी परत सांगितले. मग ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढला.

"म्हणजे हिची वाट बघत ती गेली," ते म्हणाले, "आणि हिला माहीतच नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर ताईचा आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. अण्णांनी चार दिवस लावून पत्र लिहिलं. फॉर्म नाही, पत्र; रेडिओच्याच पत्त्यावर, पण तिच्या नावानं. "चि. कुंदा हिस अनेक आशीर्वाद" अशी सुरुवात केलेली मी बघितली; पुढचं त्यांनी मला दाखवलं नाही. दिवाळीच्या सुमारास तिचं उत्तर आलं. मंजूर झालेल्या कागदाबाहेरचं बोलल्याबद्दल तिला माईकवरून काढून भाषांतराच्या टेबलावर बसवलं होतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं तिनं लिहिलं होतं. भारतात जायची परवानगी मागितली आहे, असंही लिहिलं होतं. ती परवानगी मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. नंतर मूल झालं, नवऱ्याचं आजारपण झालं, आणि परवानगी मिळेल अशी वेळ आली तेव्हा निघता येईना. पत्रं मात्र येत राहिली, जात राहिली. अण्णा शेवटपर्यंत तिला दर सोमवारी पत्र टाकत. ते गेले तेव्हाही ती येऊ शकली नाही.

ती आली ती खूप वर्षांनी. तोवर तो देश मोडला होता, नावं बदलली होती, आणि त्या इमारतीतल्या भाषा एकेक करून बंद झाल्या होत्या. मराठी तर आधीच. मी तोवर इथल्या शाळेत इतिहास शिकवून केसांनी पांढरी होत चालले होते. ज्येष्ठच होता. दिल्लीच्या गाडीतून एक उंच, किंचित वाकलेली बाई उतरली आणि मला म्हणाली, "किती ऊन आहे गं हे!" ते 'गं' फार स्वच्छ होतं. माझ्या मुलाला तिचं मराठी समजायला त्रास व्हायचा. तो म्हणायचा, "मावशीजी, थोडं आसान करून बोला ना."

एका दुपारी दारं लावून आम्ही दोघी फरशीवर आडव्या पडलो होतो तेव्हा तिनं सगळं सांगितलं. रिपोर्ट तिच्या विभागात येतच नसत. तिच्या टेबलावर यायची ती फक्त श्रोत्यांची पत्रं; रिपोर्ट तांत्रिक विभागात जात. तिथल्या माणसांना फक्त आकडे वाचायचे असत; आवाज किती, स्पष्टता किती. पोच पाठवायची आणि फॉर्म कपाटात टाकायचा. त्या उन्हाळ्यात तिथे एक नवी मुलगी लागली. तिला कपाटात एकाच अक्षराचे दीडशेएक फॉर्म दिसले. ते सुतळीनं बांधून ती मराठीच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, तुमच्याकडचा हा माणूस दर आठवड्याला या रकान्यात काहीतरी लिहितो, तक्रार आहे का बघा.

"मी उभ्या उभ्या वाचले," ताई म्हणाली. "घशाची काळजी घेणे. आज आवाज प्रसन्न होता. आज दोन शब्द अडखळले, झोप कमी झाली असावी. वाचत वाचत आजारपणापर्यंत आले, आणि मग 'एक कमी झाली'पर्यंत." मग म्हणाली, "आणि ते कार्डावरचं वाक्य गं. आपला अहवाल मिळाला. ते मीच केलं होतं भाषांतर. कामावर लागले त्या पहिल्या आठवड्यात."

मी त्या चुरगळलेल्या पानाबद्दल तिला सांगितलं. मनात होतं की ती काहीतरी बोलेल, रागावेल तरी. तिनं नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, मला बेतवेवर घेऊन चल. ऊन चढायच्या आत म्हणून आम्ही पहाटेच निघालो. ओरछ्याला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ज्येष्ठात बेतवेला पाणी थोडं असतं. खडकांमधून वाट काढत ती वाहत होती. ताई चपला काढून एका खडकावर जाऊन बसली आणि पाय पाण्यात सोडले. मी काठावर, थोडी मागे उभी राहिले.

तिनं मागे न बघताच विचारलं, "तुला आईचा आवाज आठवतो?"

"हो."

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "मी आठवून बघते रोज. चेहरा येतो, हात येतात. आवाज नाही येत. तुम्ही माझा रोज ऐकत होता. मला इकडचा कुणाचा कधी ऐकायला मिळाला नाही."

पाण्याचा आवाज तेवढा होता.

"लोक म्हणतात तुझा आवाज आईसारखा झालाय," ती म्हणाली. "पत्रात लिहिलं होतंस एकदा. मला हाक मार ना. ती मारायची तशी."

मला आधी जमेना. मग आई जशी संध्याकाळी गच्चीवरून, कमरेवर हात ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशी हाक मारायची, तशी मी मारली. "कुंदेऽ! अगं ए कुंदेऽ!"

पलीकडे नाव बांधत असलेल्या माणसानं मान वर करून बघितलं. ताईची पाठ ताठ झाली.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी पुन्हा हाक मारली. आणि मग पुन्हा. ती ऐकत राहिली, पण वळली नाही. वळली असती तर मी दिसले असते.